रुपचंदची लाकडी फरशी

भाची छायाच्या साखरपुड्याच्या सकाळी चौरंगाभोवती रांगोळी काढायला प्रमिलाबाई हॉलमध्ये खाली बसल्या आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबला. तळहाताखाली जमीन सपाट नव्हती. दारापासून समोरच्या खिडकीपर्यंत एक उंचवटा गेला होता, छडीनं पाठीवर वळ उठावा तसा. काल संध्याकाळी त्या चाळीसगावहून आल्या तेव्हा ट्यूबलाइटच्या उजेडात तो दिसला नव्हता. आता श्रावणातलं तिरपं ऊन आत आलं होतं आणि उंचवट्याच्या एका अंगाला सावली पडली होती. माशाच्या काट्यासारखे तिरपे जोडलेले सागाचे गट्टू एकमेकांना रेटत वर उठले होते. मधोमध तर दोन गट्टूंच्या सांध्यात बोट शिरत होतं.

“विमल, इकडे ये बरं जरा,” त्यांनी भावजयीला हाक मारली.

विमल ओल्या हातांनीच आली. तिनं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. “बाई गं! एवढं कधी झालं? कितीतरी दिवस झाले, चालताना पोकळ वाजायचं, अक्का. मी ह्यांना सांगितलं होतं. म्हणाले, नवीन लाकूड आहे, बसेल आपोआप.”

रुपचंद आंघोळ करून गंध लावतच बाहेर आला. त्यानं उंचवट्यावर पाय ठेवून जोर दिला. तिथं गट्टू खाली बसले आणि हातभर अंतरावर दुसरे वर आले. त्यानं तिकडे पाय ठेवला, तर पहिले पुन्हा उठले. घरधनी आपल्याच जमिनीवर असा पाय आपटत फिरतोय हे पाहून विमलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती आत निघून गेली.

“सतरंजी टाका,” रुपचंद शेवटी म्हणाला. “वर तो मोठा गालिचा. मधोमध टीपॉय ठेवा, म्हणजे तिथनं कुणी जाणार नाही. मुलाकडचे दोंडाईचेकर येतील, बसतील, जेवतील, जातील. त्यांना काय करायचंय जमिनीशी?”

“धाकट्याला, वनाला दाखव आल्यावर,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

“वनाचं नाव काढू नको आज, अक्का. त्याच्याच हातची करणी आहे ही.”

करणी कुणाची हे प्रमिलाबाईंना ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे रुपचंदलाही ठाऊक होतं. त्यानं त्यांच्याकडे पाहायचं टाळलं आणि तो गालिचा आणायला गड्याला हाका मारू लागला.

या फरशीचं वेड त्यानं पुण्याहून आणलं होतं. प्लॅस्टिकच्या पाइपांचा कारखाना चांगला चालायला लागला, रिंग रोडला प्लॉट घेतला, बंगला उभा राहिला, आणि जमिनीचा प्रश्न आला. जळगावात त्या वेळी सुखवस्तू घरांत मोझॅक असायचं, फारच पैसा झाला तर संगमरवर. रुपचंदला जे कुणाकडेच नाही ते हवं होतं. पुण्याला कुणा कारखानदाराच्या घरी त्यानं लाकडाची जमीन पाहिली. नुसत्या फळ्या नव्हेत, छोटे छोटे गट्टू, नक्षीत बसवलेले. घरी येऊन तो विमलला चमच्यांनी ती नक्षी मांडून दाखवायचा. चार उभे चार आडवे ठेवले की चटईची वीण होते, तिरपे टोकाला टोक लावले की माशाचा काटा. काट्याची नक्षी हॉलला, चटईची झोपायच्या खोल्यांना. आणि लाकूड बाहेरून कशाला आणायचं? धुळ्याला वडिलांची, हिलाल नानांची वखार होतीच. म्हातारपणी नानांनी ती धाकट्या वनाच्या हाती दिली होती. नवापूरकडचा जुना साग नानांनी एका कोपऱ्यात कित्येक वर्षं जपून ठेवला होता, तो त्यांनी थोरल्यासाठी काढून दिला. वनानं गट्टू कापून, रंधा मारून जळगावला पोचवले आणि भर उन्हाळ्यात चार सुतार घेऊन स्वतः आला.

नेमक्या त्याच दिवसांत प्रमिलाबाई वाळवणं करायला जळगावला आल्या होत्या. गच्चीवर कुरडया घालून, घशाला कोरड पडली म्हणून त्या खाली आल्या. माठाजवळ उभ्या राहून पाणी पीत असताना दोघं भाऊ हॉलमध्ये बोलत होते. रुपचंद खुर्चीवर, वना जमिनीवर उकिडवा, हातात एक गट्टू.

“हे बघ भाऊ,” वना सांगत होता. “आज हवा कोरडी ठाक आहे, त्यामुळे लाकूड आकसलंय. श्रावणात हवेत ओल येईल तेव्हा एकेक गट्टू केसभर फुगेल. एक गट्टू केसभर, पण या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळ्यांचं मिळून चांगलं बोटभर होईल. त्या बोटभराला जायला जागा नको? चारी बाजूंनी भिंतीलगत फट सोडू. वरून लाकडी पट्टी मारली की दिसणारसुद्धा नाही. नाही सोडली तर लाकूड भिंतीला रेटणार. भिंत काही हलत नाही. मग ते वर उठणार.”

“पट्टी नको. त्या पुण्याच्या घरात पट्टी नव्हती. लाकूड थेट भिंतीला भिडलेलं होतं. काय रुबाब होता!”

“तिथं खाली काय केलं होतं, कुठं जागा सोडली होती, ते आपल्याला काय माहीत? आणि तुझा कोबा अजून ओला आहे. वरून सुकला दिसतो, पोटात ओल आहे त्याच्या. माझं ऐकशील तर दिवाळीनंतर टाकू.”

“पावसाळ्यात छायाचं जमवायचंय मला. पाहुणे काय कोब्यावर बसवू? आणि वना, तू मला लाकूड शिकवू नको. त्याच वखारीत मी पण वाढलोय.”

हे मात्र खरं होतं. लाकूड ओलीनं फुगतं हे नानांच्या पोरांना कुणी वेगळं सांगायला नको होतं. पावसाळ्यात वखारीचं दार घट्ट होऊन बसायचं आणि लहानपणी दोघं मिळून त्याला खांदे लावायचे. रुपचंदला सगळं कळत होतं. धाकट्यानं सांगावं आणि आपण मान डोलवावी एवढंच त्याला नको होतं.

वनानं बराच वेळ गट्टू हातात फिरवला. मग तो उठला. माठाजवळ उभ्या असलेल्या बहिणीकडे पाहून, घरात बोलायचा तशा अहिराणीत म्हणाला, “अक्का, तू आयकं ना? उद्या माले बोल लावू नका.” आणि त्यानं भिंतीला भिडवून फरशी टाकून दिली. पॉलिश झाल्यावर ती अशी काही देखणी दिसली की स्वतः प्रमिलाबाईंना वाटलं, वना उगीच भितो.

आता त्या देखण्या जमिनीवर गालिचा अंथरला गेला.

वना नानांना घेऊन जीपनं आला तेव्हा टीपॉय जागेवर गेला होता. तो उंबऱ्यातून आत आला, दोन पावलं चालला आणि थांबला. गालिच्याचा कोपरा उचलून त्यानं बोटाच्या पेरांनी ठोकून पाहिलं, कान लावला.

“भाऊ, भिंतीकडच्या दोन ओळी आत्ता काढतो. छिन्नी जीपमध्येच आहे. दाब मोकळा झाला की निम्मं तरी खाली बसेल. पाहुणे यायच्या आत होईल.”

“साखरपुड्याच्या दिवशी घरात छिन्नी-हातोडा? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

“कुणी अडखळून पडलं म्हणजे?”

“कोणी पडत नाही. तू आता एवढं कर, गप्प बस. जे करून ठेवलंयस तेवढं पुरे.”

वनाचा चेहरा बदलला. तो काही बोलणार, तेवढ्यात सोफ्यावर टेकलेल्या नानांनी हात वर केला. “ऱ्हाऊ दे रे वना. पोरनं कार्य शे. बठ्ठं नंतर देखू.”

नाना आयुष्यभर असेच मध्ये हात घालत आले होते, आणि तो हात नेहमी धाकट्याच्या तोंडावर पडायचा. थोरला तापट, म्हणून त्याला सांभाळायचं. धाकटा समजूतदार, म्हणून त्यानं सोसायचं. आई गेली तेव्हा वना रांगत होता. प्रमिलाबाईंनी त्याला कडेवर घेऊन वाढवलं. त्यांच्या लग्नात तो मांडवात रडून रडून झोपला होता. त्याच्या वाट्याचं त्या बोलायच्या. निदान तेव्हा तरी.

स्वयंपाकघरात विमल पुरणपोळ्या लाटत होती. प्रमिलाबाई कणीक मळायला बसल्या. विमल खाली मान घालूनच म्हणाली, “जीवरामचं ह्यांनी पक्कं केलंय बरं का, अक्का. दसऱ्यापासून कारखान्यात घेणार आहेत. मागची खोली रिकामीच आहे, तिथं राहील. तुमच्या जिवाचा घोर मिटला.”

जीवराम प्रमिलाबाईंचा एकुलता एक मुलगा. बी.एस्सी. होऊन चाळीसगावात स्टेशनजवळच्या दुकानांतून नुसता बसून असायचा. नवरा गेल्यापासून प्रमिलाबाईंना रात्री झोप नव्हती ती याच काळजीनं. त्यांचे डोळे भरून आले. “देव तुमचं भलं करो,” त्या म्हणाल्या. विमलनं हे आजच का सांगितलं, हे त्यांच्या मनात आलंच नाही.

दोंडाईचेकर आले. नवऱ्या मुलाचे वडील झुलाल आबा, कपाशीचे व्यापारी, धोतर-टोपीतले, आवाज मोठा. मुलगा इंजिनियर. त्याची आजी झुंबरबाई, नऊवारी नेसलेली, वयाच्या मानानं ताठ. आगतस्वागत झालं, सरबत झालं. झुलाल आबांना वनाची ओळख करून दिली तेव्हा त्यांनी त्याचा हात हातात घेतला. “हिलाल नानांची वखार म्हणजे तुमचीच ना? अहो, आमचं नवं घर निघतंय. दारं, खिडक्या, जिना, सगळं साग. लग्नाआधी एकदा दोंडाईच्याला या. घरचं माणूस असताना बाहेर कशाला जायचं?”

वना हसला. त्या दिवसात प्रमिलाबाईंनी त्याला हसताना पाहिलं ते तेवढंच. जंगलाचे नियम कडक झाल्यापासून वखारीत माल येईना आणि लोकही लोखंडी खिडक्यांकडे वळले होते. एवढं एक काम मिळालं असतं तर वखारीचं वर्ष निभावून गेलं असतं.

मग छायाला बाहेर आणली. मोरपंखी शालू, केसांत अबोली. पाटावर बसवली. “मी लावते नातसुनेला कुंकू,” म्हणत झुंबरबाई उठल्या. लोक टीपॉयच्या एका बाजूनं येत-जात होते. म्हातारी मात्र सरळ नातसुनेकडे निघाली आणि कुणीतरी तिला वाट करून द्यायला म्हणून टीपॉयच बाजूला ओढला. गालिच्याखालच्या उंचवट्याला तिचा अंगठा अडला. करंडा हातातून उडाला आणि ती कुशीवर धप्पकन पडली. हळद-कुंकू सगळ्या गालिच्यावर सांडलं.

एकच गलका झाला. म्हातारीला उचलून सोफ्यावर बसवलं. मनगट बघता बघता सुजलं. शेजारचे डॉक्टर आले, त्यांनी दाबून पाहिलं, मोडलं नाही, मुरगळलंय म्हणाले आणि पट्टी बांधली. मग झुलाल आबा खाली वाकले आणि त्यांनी स्वतः गालिचा उलटा केला. सतरंजी ओढली. सकाळपेक्षा उंचवटा आता मोठा दिसत होता, की सगळे त्याच्याकडे बघत होते म्हणून तसा वाटत होता, कोण जाणे.

“हे काय, रुपचंदशेठ?” ते म्हणाले. “हे तुम्हाला माहीत होतं?”

विमल दारात, छाया पाटावर, भिंतीला टेकून सगळा गोतावळा. प्रमिलाबाईंनी भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना आधीच कळलं की आता हा काय करणार.

“आबा, चूक माझीच,” रुपचंद म्हणाला. त्याचा आवाज अगदी मऊ होता. “घरच्या माणसावर भरवसा टाकला, ही चूक. ओलं लाकूड दिलं मला ह्यानं. परक्यानं दिलं असतं तर त्याच दिवशी परत पाठवलं असतं. सख्ख्या भावाला काय म्हणणार? पोटात घातलं.”

खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा वनाकडे वळल्या. झुलाल आबांचीही.

“ओलं लाकूड?” वना हळू म्हणाला. “नानांच्या हातचा साग तो. माझ्या लग्नाआधीपासून वखारीत पडून होता. नाना, तुम्ही सांगा.”

नानांनी पागोट्याला हात लावला. ते जमिनीकडे बघत होते. “पावसाया शे,” ते पुटपुटले. “लाकूडनं काय सांगता येस?”

वनानं बापाकडे क्षणभर पाहिलं आणि मान वळवली. मग तो प्रमिलाबाईंकडे वळला. एवढ्या पाहुण्यांत तो शुद्ध मराठी विसरला. “अक्का, तू व्हती ना तठे? मी फट सोडानं सांगं का नही? कोबा ओला शे म्हणं का नही? तू सांग बठ्ठासले. तुनं तरी मानतीन.”

प्रमिलाबाईंना उन्हाळ्यात उकिडवा बसलेला वना डोळ्यांपुढे दिसत होता. विमल त्यांच्याकडेच बघत होती. डोळे वटारून नव्हे, अजिजीनं. नानांनी मान उचलली आणि डोळ्यांनीच नको म्हणाले. पाटावर पोर बसलेली. खरं सांगितलं तर रुपचंद व्याह्यांपुढे खोटा ठरणार, पोरीचं मोडलं तर खापर आपल्यावर. आणि जीवराम. आणि मागची खोली. वना काय, वना समजून घेईल. तो नेहमीच घेतो. शिवाय त्यानं तरी थोरल्याचं का ऐकलं? काम टाकून निघून का नाही गेला? एवढं सगळं त्यांच्या मनात झरझर येऊन गेलं. ते सगळं एकाच बाजूला नेत होतं.

“मी तेव्हा गच्चीवर होते,” त्या म्हणाल्या. “कुरडया वाळत घालत होते. खाली काय बोलणं झालं ते मला माहीत नाही.”

वना त्यांच्याकडे बघत राहिला. राग असता तर प्रमिलाबाईंना सोसला असता. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अंधारात हाक मारली आणि वळून पाहणारं माणूस भलतंच निघालं, तसा तो गोंधळला होता.

“आत्या, तू गच्चीवर नव्हतीस.”

छाया पाटावरून उठली होती. शालूचा पदर सावरत ती म्हणाली, “तू माठाजवळ होतीस. मी जिन्यात बसले होते. काका फट सोडू म्हणत होते, पप्पा नको म्हणाले. दिवाळीपर्यंत थांबा म्हणाले तर पप्पांनी माझं जमवायचं कारण सांगितलं. म्हणून मला आठवतं.”

“छाया, आत जा!” रुपचंद ओरडला.

“जाते. पण माझ्या नावावर काकांना खोटं पाडू नका.”

आता पाहुणे उठणार, असं प्रत्येकाला वाटलं. झुलाल आबा मुलाकडे बघत होते, मुलगा छायाकडे. सोफ्यावरून झुंबरबाईंचा खणखणीत आवाज आला. “झुलाल, उभा काय ऱ्हायना? पोर खरी शे. मना डावा हात दुखस, उजवा नही. कुंकू आना.”

आणि साखरपुडा झाला. गालिचा झटकून पुन्हा अंथरला गेला, अंगठ्या घातल्या, पेढे वाटले. पुरणपोळ्यांची पंगत बसली. झुलाल आबा वाढणाऱ्यांना पुरे पुरे म्हणत होते. निघताना त्यांनी वनाच्या खांद्यावर हात ठेवला, पण दोंडाईच्याला या असं पुन्हा म्हणाले नाहीत. पुढं त्यांचं सगळं लाकूडकाम नंदुरबारच्या एका ठेकेदाराकडे गेलं. भावाभावांच्या वादात आपलं घर नको, एवढाच त्यांचा विचार असावा. खरा ठरूनही वनाच्या हाती काही लागलं नाही.

तो पंगतीला बसलाच नाही. जीपची किल्ली घेऊन नानांपुढे येऊन उभा राहिला. “नाना, चला.”

नाना खुर्चीवरून हलले नाहीत. “तू जाय,” ते म्हणाले. “मी आठेच ऱ्हास थोडा दिन.” ते थोडे दिवस पुढं संपलेच नाहीत. ज्या वखारीच्या ओट्यावर त्यांनी आयुष्य काढलं तिथं नाना परत गेले नाहीत. जळगावच्या बंगल्यात त्यांना वेगळी खोली मिळाली, फॅन मिळाला, आणि वनाच्या नजरेला नजर द्यायची वेळ टळली.

प्रमिलाबाई फाटकापर्यंत धावत गेल्या. “वना, दोन घास खाईसन जाय रे.”

त्यानं जीपचं दार उघडलं होतं. तो वळला. “तू घाबरी जाती ते माले समजतं, अक्का,” तो म्हणाला. “पण तू घाबरनी नही. तू इचार करीसन बोलनी.”

जीप रिंग रोडला लागेपर्यंत त्या फाटक धरून उभ्या होत्या. आत रुपचंद छायाला बोलत होता. त्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. मुलीनं बापाचं नाक कापलं, म्हणत होता. त्यानंतर लग्नापर्यंत तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. प्रमिलाबाईंशी मात्र त्याचं वागणं फार गोड झालं. अक्का जेवली का, अक्काला शाल घ्या. दसऱ्याला जीवराम कारखान्यात लागला. मागच्या खोलीत त्याची खाट पडली. पहिल्या दिवशी तो नवा शर्ट घालून आईच्या पाया पडला. प्रमिलाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तोंडातून आशीर्वाद मात्र नीट बाहेर पडेना.

त्यांनी धुळ्याला दोनदा निरोप पाठवला. भाऊबीजेला ये म्हणून. वना आला नाही. कामात आहे, असं उत्तर आलं.

दिवाळी झाली, हवा कोरडी झाली. गालिच्याखालचे गट्टू पुन्हा खाली गेले होते, पण कुठं तुटके, कुठं वाकडे, चालताना दातांसारखे हलायचे. लग्न मार्गशीर्षात होतं. रुपचंद ते सगळं उखडून मोझॅक टाकायच्या गोष्टी करत होता. एके दिवशी छाया घरात कुणाला न विचारता एसटीनं धुळ्याला गेली आणि संध्याकाळी परत आली. आठवड्यानं वना सुतार घेऊन दारात उभा राहिला. रुपचंद त्या दिवशी सकाळीच कारखान्यात निघून गेला.

वनानं सगळी फरशी उचलली. एकेक गट्टू हातात घेऊन पाहिला, फुटके बाजूला टाकले, गट्टू चिकटवायला खाली लावलेलं जुनं डांबर खरवडलं. उघड्या कोब्याला त्यानं वाळायला मोकळे दिवस दिले. पुन्हा बसवायला घेतलं तेव्हा भिंतीलगत लाकडी पाचरी उभ्या लावून चारी बाजूंनी फट राखली आणि खोलीच्या मधोमध सुताची दोरी ताणून तिथून नक्षी सुरू केली. मधून सुरुवात केली की दोन्हीकडच्या भिंतींशी काटा सारखा येतो. डावा, उजवा, डावा, उजवा. प्रमिलाबाई लग्नाच्या कामाला आल्या होत्या. हातात गहू निवडायचं सूप घेऊन त्या दारात बसून राहायच्या. वना घरात पाणीसुद्धा पीत नव्हता. नाना आपल्या खोलीचं दार लोटून घ्यायचे. छाया मात्र काकाजवळ जाऊन बसायची, त्याच्याशी हसायची, गट्टू हातात द्यायची. तिच्याशी तो अहिराणीत बोलायचा.

शेवटच्या दिवशी प्रमिलाबाईंनी धीर केला. काय बोलायचं ते त्यांनी कितीतरी वेळा मनात जुळवलं होतं. चहाचा कप घेऊन त्या हॉलमध्ये गेल्या, आणि तोंडून आलं ते भलतंच.

“वना, च्या ली ले रे. थंडा व्हई जाई.”

वना गुडघ्यांवर होता. त्यानं मान वर केली. गिऱ्हाइकांच्या घरी गेल्यावर तिथल्या बायकांशी तो बोलायचा तसं, अदबीनं, शाळेतल्या पुस्तकासारख्या स्वच्छ मराठीत तो म्हणाला,

“नको ताई, राहू द्या. आमचं सोबत असतं. जरा बाजूला होता का? तुमचा पाय ओळीवर आलाय.”

त्या बाजूला झाल्या. त्यानं तिथं गट्टू ठेवला, मुठीनं ठोकून बसवला आणि पुढच्यासाठी छायाकडे हात केला.